‘स्त्रीपुरुष तुलना’ : दैनंदिन लिंगभेद आणि लोकप्रिय वाङ्मयाची आद्य स्त्रीवादी चिकित्सा

प्रस्तावना :
स्त्रियांविषयीची अवहेलना केवळ कायदा वा धर्मशास्त्र यांच्या बळावर टिकत नाही. वृत्तपत्रातील शेरा, नाटकातील पात्र, कादंबरीतील प्रसंग आणि घरातील बोलणे यांतून ती रोज नव्याने घडत असते. ही जाणीव विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील स्त्रीवादाची देणगी आहे, असे सामान्यतः मानले जाते. तथापि बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये पुण्यातून प्रसिद्ध केलेल्या ‘स्त्रीपुरुष तुलना’ या निबंधात ती स्पष्टपणे आढळते. प्रस्तुत लेखात या निबंधाचा त्या दृष्टीने विचार केला आहे.

पार्श्वभूमी :
१८८१ मध्ये सुरत जिल्ह्यातील विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला स्वतःच्या अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. अपिलात ती सौम्य झाली. या प्रकरणाच्या निमित्ताने ‘पुणेवैभव’ या वृत्तपत्राने समस्त स्त्रीजातीच्या नीतिमत्तेवर ताशेरे ओढले. एका स्त्रीच्या गुन्ह्यावरून साऱ्या स्त्रियांना दोषी ठरवणे, मात्र त्या गुन्ह्यातील पुरुषाविषयी मौन पाळणे, या विसंगतीने ताराबाईंना लेखणी हाती घेण्यास प्रवृत्त केले. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे हे सत्यशोधक समाजाशी संबंधित होते, ही बाबही येथे लक्षणीय आहे.

चिकित्सेची पद्धत :
संशय, अविनय, साहस, कपट इत्यादी जे दोष संस्कृत सुभाषितांपासून स्त्रियांच्या माथी मारले गेले, ते ताराबाई एकेक करून तपासतात व पुरुषांनाही तोच मापदंड लावतात. पत्नीच्या निधनानंतर पुरुषाला लगेच दुसरा विवाह करता येतो, विधवेला मात्र जन्मभर बंधने. हा नियम कोणी केला, असा त्यांचा प्रश्न आहे. सावित्रीची कथाही त्या उलटून पाहतात : पत्नीसाठी यमाकडे गेलेला पती कोठे आहे? याच ओघात त्या ‘मुक्तामाला’ (१८६१) ही कादंबरी व ‘मनोरमा’ (१८७१) हे नाटक यांसारख्या समकालीन लोकप्रिय कृतींची झडती घेतात. अशा लेखनातील स्त्रीचित्रणावरून सर्व स्त्रियांची पारख होऊ लागते, हा त्यांचा आक्षेप मूलगामी आहे.

मर्यादा व स्वीकार :
पातिव्रत्याचा आदर्श ताराबाई सर्वस्वी नाकारत नाहीत. पुरुषानेही त्या आदर्शास पात्र ठरावे, अशी त्यांची मागणी आहे. १८८५ मध्ये महात्मा फुले यांनी ‘सत्सार’मधून त्यांची पाठराखण केली. मात्र त्यानंतर हा निबंध दीर्घकाळ विस्मृतीत गेला. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये त्याचे पुनर्प्रकाशन केल्यावर तो अभ्यासकांसमोर आला.

समारोप :
सुमारे नव्वद वर्षांचे हे विस्मरण योगायोग मानता येत नाही. ज्या वाङ्मयव्यवहाराची ताराबाईंनी चिकित्सा केली, त्याच व्यवहाराने त्यांना इतिहासाबाहेर ठेवले. म्हणूनच ‘स्त्रीपुरुष तुलना’ केवळ सुधारणेच्या इतिहासातील एक नोंद म्हणून न शिकवता, लोकप्रिय संस्कृती वाचण्याची पद्धत म्हणून शिकवणे आवश्यक ठरते.