सफारीचें गाठोडें

(नभोवाणीवरून झालेलें भाषण)

'सफर' हा शब्द मराठीला परका वाटत नाहीं. अरबी भाषेंतून फारसीच्या वाटेनें तो आपल्याकडे आला आणि आपल्या बोलण्यांत मुरून गेला. तोच अरबी शब्द व्यापाऱ्यांच्या गलबतांतून आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उतरला आणि तेथील स्वाहिली भाषेंत 'सफारी' झाला. स्वाहिलींत त्याचा अर्थ प्रवास, एवढाच. शेजारच्या गांवीं लग्नाला निघालेला मनुष्यहि सफारीलाच निघालेला असतो. शिकार, बंदूक, खाकी डगला आणि रुंद काठाची टोपी हा सरंजाम त्या शब्दाला युरोपियन लोकांनीं मागाहून चिकटविला. आज आपल्या शहरांतील पुष्कळ कुटुंबें सुटींत केनिया-टांझानियाला सिंह-हत्ती पाहावयास जातात. निघण्यापूर्वीं घरांत पहिला प्रश्न उभा राहतो तो हा, कीं बरोबर काय न्यावें आणि अंगांत काय घालावें. प्रश्न दिसतो घरगुती. पण त्याच्या पाठीशीं दीडशें वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यांत मुंबई-नाशिकचाहि वांटा आहे.

पूर्व आफ्रिकेच्या अंतर्भागांत रेल्वे जाण्यापूर्वीं गाडीरस्ता नव्हता, आणि पुष्कळ मुलखांत ओझ्याचें जनावरहि टिकत नसे. त्सेत्से नांवाची माशी घोड्याबैलांना चावली कीं त्यांना रोग जडे आणि तीं झुरून मरत. त्यामुळें प्रवाशाची प्रत्येक वस्तु माणसाच्या डोक्यावरून किंवा खांद्यावरून जाई. एका हमालाचें ओझें साधारणपणें ६० पौंडांचें, म्हणजे सुमारें २७ किलोंचें, धरीत. तंबू असो, काडतुसें असोत कीं पीठ असो, सर्व सामानाची वांटणी याच मापानें करावी लागे. पेटी फार जड झाली तर ती उचलण्यास कोणी पुढें येत नसे. फार हलकी झाली तर एका माणसाचा शिधा व्यर्थ जाई.

शिवाय या ओझ्यांतील मोठा भाग प्रवाशाच्या स्वतःच्या उपयोगाचा नसेच. अंतर्भागांत नाणें चालत नसे. कापड, कांचेचे मणी आणि धातूची तार हेंच तेथील चलन. १८७१ सालीं हेन्री स्टॅन्ले हा लिव्हिंग्स्टनच्या शोधासाठीं निघाला, तेव्हां त्यानें या चलनाचा हिशेब असा मांडला कीं मणी म्हणजे तांबें, कापड म्हणजे रुपें आणि तार म्हणजे सोनें. कापडांत 'मेरिकानी' हें अमेरिकेंतून येणारें कोरें जाडेंभरडें कापड प्रमुख होतें. पुढें मुंबईच्या गिरण्यांच्या मालानेंहि त्या बाजारांत आपली जागा केली. एका मुलखांत खपणारा मणी दुसऱ्या मुलखांत कोणी हातींहि धरीत नसे. म्हणून गाठोडें बांधण्याचें काम बाजाराची नाडी ओळखणाऱ्या जाणत्याकडे जाई.

त्या बांधाबांधीवर माणसाचें आयुष्य कसें अवलंबून असे, याचें उदाहरण डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या अखेरच्या प्रवासांत सांपडतें. हा प्रवास मुंबईहून सुरू झाला. १८६६ च्या जानेवारींत तो मुंबई सोडून झांजीबारला गेला. बरोबर मुंबईकडील शिपाई होते, उंट, म्हशी, खेंचरें व गाढवें होतीं, आणि नाशिकच्या मिशन शाळेंतील नऊ तरुण होते. हे तरुण मूळचे आफ्रिकेचेच; गुलामगिरींतून सोडविलेले आणि नाशिकजवळ शरणपुरास शिकून तयार झालेले. प्रवासांत जनावरें मेलीं. शिपायांना परत पाठवावें लागलें. १८६७ च्या जानेवारींत, पावसाचे दिवस असतांना, दोन हमालांनीं आपापसांत ओझीं बदललीं, आणि ज्याच्याकडे औषधांची पेटी गेली तो ती घेऊन रानांत पळाला. सोनें गेलें असतें तरी लिव्हिंग्स्टनला एवढें दुःख झालें नसतें. त्या पेटींत हिवतापावरचें क्विनाईन होतें. आपल्याला मृत्यूची शिक्षाच सुनावली गेली, अशा आशयाचें त्यानें आपल्या रोजनिशींत लिहिलें आहे. त्यानंतर तो सहा वर्षें जगला, परंतु बहुतेक काळ आजारांतच. आणि १८७३ च्या १ मे रोजीं, आज झांबिया म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशांत, त्यानें देह ठेवला.

पुढची हकीकत अधिकच विलक्षण आहे. त्याच्या नोकरांनीं त्याचें काळीज तेथेंच झाडाखालीं पुरलें आणि देह उन्हांत वाळवून, कापडांत व झाडाच्या सालींत गुंडाळून, समुद्राकडे वाट धरली. किनारा हजार मैलांहून दूर होता. प्रेत आपल्या हद्दींतून नेऊं देण्यास गांवोगांवचे लोक तयार नसत. तेव्हां या मंडळींनीं तो देह कापडाच्या गासडीसारखा बांधला आणि इतर ओझ्यांबरोबर व्यापारी माल म्हणून पुढें नेला. सुसी, चुमा आणि जेकब वेनराइट हीं त्यांतील प्रमुख नांवें. चुमा कांहीं काळ मुंबईच्या मिशन शाळेंत राहिलेला. वेनराइट हा नाशिकच्या शाळेचा विद्यार्थी. दफनाच्या वेळची प्रार्थना त्यानेंच वाचली होती, आणि १८७४ च्या १८ एप्रिलला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्यें शवपेटीच्या मानकऱ्यांत तोहि होता. मुलांना इतिहास-भूगोल शिकविण्यांत माझें आयुष्य गेलें, त्यावरून सांगतों कीं लिव्हिंग्स्टनचें नांव आपल्या पाठांत हटकून येतें. परंतु त्याचें गाठोडें वाहणाऱ्या या नाशिककरांचें नांव क्वचितच ऐकूं येतें.

आतां पोशाखाकडे वळूं. स्टॅन्लेनें उजीजी गांवीं शिरतांना नवा फ्लॅनेलचा पोशाख काढविला, बुटांना तेल लावविलें, शिरस्त्राणाला खडू फांसविला आणि त्यावर नवी पगडी गुंडाळविली. समोर उभा राहिलेला लिव्हिंग्स्टन मात्र विटलेल्या टोपींत आणि करड्या विजारींत होता. एकाचा पोशाख दुसऱ्यांनीं पाहावा यासाठीं होता. दुसऱ्याचा अंग झांकण्यापुरता. पुढच्या सत्तर वर्षांच्या सफारींत हे दोन्ही हेतु एकमेकांशीं भांडत राहिलेले दिसतात.

या पोशाखाचा बराच भाग हिंदुस्थानांतून गेला. 'खाकी' म्हणजे खाकेच्या, धुळीच्या रंगाचा. १८४६ सालीं पेशावरकडे हॅरी लम्सडेन यानें उभारलेल्या 'गाइड्स' पथकानें हा रंग प्रथम रूढ केला, आणि तेथून तो सगळ्या ब्रिटिश लष्करांत पसरला. सोला टोपी दलदलींत उगवणाऱ्या शोला नांवाच्या वनस्पतीच्या गाभ्याची. पायांना गुंडाळावयाची 'पट्टी' ही आपलीच. 'तराई हॅट' ही हिमालयाच्या पायथ्याच्या तराईवरून नांव मिळालेली; आफ्रिकेंत तर कित्येक गोरे लोक अशा दोन टोप्या एकींत एक घालीत. उष्ण देशांतील सूर्यकिरणांत युरोपियन मेंदूला व कण्याला घातक असें कांहीं विशेष आहे अशी त्यांची समजूत होती. म्हणून पाठीच्या कण्यावर कापसाची गादीहि बांधीत. दुसऱ्या महायुद्धांत हजारो गोरे सैनिक साध्या टोपीनें उन्हांत वावरले, आणि या समजुतीचें बळ संपलें.

स्त्रियांच्या पोशाखाचीहि एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मेरी किंग्स्ली ही इंग्रज बाई १८९३ ते १८९५ या काळांत पश्चिम आफ्रिकेंत हिंडली. रानांतहि ती घरच्यासारखाच जाड लोकरी घागरा घालीत असे. एकदां ती जनावरांसाठीं खणलेल्या खड्ड्यांत पडली. खालीं अणकुचीदार खुंट रोवलेले होते. त्या जाड घागऱ्यानें ती वांचली.

१८९६ सालीं मोंबासाहून युगांडा रेल्वेचें काम सुरू झालें आणि १९०१ सालीं रूळ व्हिक्टोरिया सरोवराला जाऊन भिडले. सुमारें ५८० मैलांच्या या कामासाठीं हिंदुस्थानांतून सुमारें ३२,००० मजूर नेले गेले. त्यांपैकीं सुमारें २,५०० तेथेंच मेले. १८९८ सालीं त्सावो येथें दोन सिंहांनीं माणसें खाऊन काम बंद पाडलें, ती हकीकत सर्वश्रुत आहे. तापानें व अपघातांनीं मेलेल्यांची हकीकत तितकी सर्वश्रुत नाहीं. या रेल्वेनें आफ्रिकेचा अंतर्भाग जवळ आणला, नैरोबी शहर वसलें, आणि सफारी हा श्रीमंतांचा षौक झाला.

त्या षौकाचा कळस म्हणजे अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांची १९०९-१० सालची सफारी. त्यांच्या पोशाखांत खाकी विजार होती. तिच्या गुडघ्यांवर चामडें शिवलेलें, आणि गुडघ्यापासून घोट्यापर्यंत ती गुंड्यांनीं घट्ट बसे. बुटांच्या तळांना खिळे. सोला टोपी मात्र त्यांनीं केवळ तेथील लोकांच्या आग्रहाखातर घातली. त्यांना आपली जुनी नरम टोपीच आवडे. डुकराच्या कातड्यानें बांधलेलीं पुस्तकें त्यांनीं एका पेटींत नेलीं. पेटीचें वजन ६० पौंडांहून किंचित् कमी, म्हणजे एका हमालाचें ओझें. जनावरांचीं कातडीं टिकविण्यासाठीं चार टन मीठ होतें. बाप-लेकांनीं मिळून ५१२ प्राणी मारले. दोनशेंहून अधिक हमाल हें सर्व वाहत होते.

हमालांच्या पाठीवरचें हें राज्य पहिल्या महायुद्धांत अत्यंत क्रूर रूपानें प्रकट झालें. जर्मन व इंग्रज फौजांची रसद वाहण्यासाठीं लाखो आफ्रिकी लोकांना धरून आणलें. त्यांतील हजारो भूक, ताप आणि आमांश यांनीं मेले. दार-ए-सलामचा गजबजलेला कारियाकू भाग आणि नैरोबीचा कारिओकोर हीं त्या 'कॅरियर कोअर'चींच अपभ्रंश झालेलीं नांवें. युद्धानंतर मोटारी आल्या आणि डोक्यावरचें ओझें उतरलें. १९७७ सालीं केनियानें शिकारच बंद केली. बंदूक गेली, हमाल गेला. डगला तेवढा राहिला. १९६८ सालीं पॅरिसच्या ईव्ह सें लोराँ यानें त्याची फॅशन केली, आणि आपल्याकडे १९७० नंतरच्या काळांत कचेऱ्यांतून व लग्नांतून 'सफारी सूट' मिरवूं लागला. तो घालणाऱ्या बहुतेकांनीं सिंह पाहिला असेल तो राणीच्या बागेंत.

आतां आज जाणाऱ्यानें या इतिहासांतून काय घ्यावें? रंगाची निवड केवळ शोभेची नव्हे. त्सेत्से माशी निळ्या व काळ्या रंगाकडे ओढली जाते. तिला पकडण्याचे सांपळेहि त्याच रंगांचे करतात. म्हणून खाकी, करडा, मातकट रंग बरा. लष्करी ठिपक्यांचें कापड मात्र टाळावें. झांबिया, झिंबाब्वे यांसारख्या देशांत सामान्य माणसानें तें घालणें गुन्हा आहे. विषुववृत्त म्हणजे उकाडा, असें समजून कोणी लोकरी कपडा घरीं ठेवूं नये. न्गोरोंगोरोची कड सुमारें ७,५०० फूट उंच आहे आणि उघड्या मोटारींतील पहांटेचा वारा बोंचतो. केनियानें २०१७ पासून आणि टांझानियानें २०१९ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांना बंदी केली आहे. आपल्या कापडी पिशव्याच तेथें उपयोगी. पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधीं टोंचून घ्यावी. आणि नेहमींचीं औषधें मोठ्या पेटींत न टाकतां स्वतःच्या हातांतील पिशवींत ठेवावीं. लिव्हिंग्स्टनच्या पेटीनें शिकविलेला हा धडा अजून जुना झालेला नाहीं.

रानांत उतरणाऱ्या लहान विमानांतून माणशीं बहुधा १५ किलो सामान नेतां येतें, आणि तेंहि मऊ पिशवींत. पुष्कळांना हें फार कमी वाटतें. परंतु जुन्या हमालाचें ओझें २७ किलोंचें होतें, आणि तें तो दिवसेंदिवस, महिनोन् महिने, दुसऱ्याच्या सुखासाठीं वाहत होता, हें ध्यानांत आणलें म्हणजे हे १५ किलो कमी वाटणार नाहींत. आपलें गाठोडें आपल्याला उचलवेल एवढेंच असावें, हा नियम विमान कंपनीनें घालून देण्यापूर्वींच माणसानें स्वतःला घालून घ्यावयास हवा होता.