घोडबंदर: घोड्यांचं बंदर आणि आपला ‘आजोबा’

आज नारायणगावात बसून खाडीकाठच्या एका गावाबद्दल बोलायचंय. घोडबंदर. मुंबईत नोकरी करणाऱ्यांना हे नाव ट्रॅफिकमुळे पाठ असतं, पण ज्याच्या नावाने तो रोड आहे ते मूळ गाव छोटंसं. एकीकडे वसईची खाडी, दुसरीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल, टेकडीवर पोर्तुगीजांचा किल्ला. अरबी घोडे इथे उतरायचे म्हणून घोडबंदर, असं सांगतात. 1737 मध्ये मराठ्यांनी हा भाग जिंकला, 1739 मध्ये वसई पडली.

आता हे आपल्याला का सांगतोय? कारण ही खाडी वर कल्याणपर्यंत जाते, आणि कल्याणहून नाणेघाट चढला की आपलं जुन्नर. सातवाहनांच्या काळापासून माल या बाजूने वर यायचा. नाणेघाटातला दगडी रांजण आपण सगळ्यांनी पाहिलाय (आणि त्यासोबत सेल्फीही काढलाय!).

2009 मध्ये मात्र एक जण वरून खाली गेला. टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक बिबट्या. वयस्कर म्हणून त्याचं नाव ‘आजोबा’. डॉ. विद्या अत्रेय यांच्या टीमने त्याला जीपीएस कॉलर घालून माळशेज घाटात सोडलं. तो तिथे थांबलाच नाही. कसाऱ्याकडची रेल्वे लाइन, आग्रा हायवे, तुंगारेश्वर असं करत, महिन्याभरात सुमारे 120 किलोमीटर चालून तो वसई खाडीकाठच्या नागल्याच्या जंगलात पोचला. म्हणजे राष्ट्रीय उद्यानातच. माणसावर एकही हल्ला न करता. 2014 चा ‘आजोबा’ पिक्चर याच्यावरच आहे.

आपल्याकडे उसात बिबट्या दिसला की पहिली मागणी काय असते? ‘पकडा आणि लांब सोडा.’ ज्याच्या घरातलं लेकरू गेलंय त्याच्या रागाला मी चूक म्हणणार नाही. पण जुन्नर भागात 2000 नंतर हेच करून पाहिलंय, आणि जिथे बिबटे सोडले त्या भागात माणसांवरचे हल्ले उलट वाढले. अत्रेय यांच्याच अभ्यासात ते आलंय. आपल्यासाठी जे ‘लांब’ असतं, तिथेही कुणाचं तरी गाव असतंच ना. घोडबंदरसारखं.

डिसेंबर 2011 मध्ये घोडबंदर परिसरात गाडीच्या धडकेत एक बिबट्या मेला. शरीरातली चिप तपासली, तेव्हा कळलं, हा आजोबाच.