पायाच्या जोराला मोटरची जोड

सायकलला विजेची मोटर बसवण्याची कल्पना जवळजवळ आजच्या सायकलइतकीच जुनी आहे. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कँटन इथल्या ऑग्डेन बोल्टन यांना ३१ डिसेंबर १८९५ रोजी अशा सायकलचे पेटंट मिळाले. मोटर मागच्या चाकाच्या हबमध्ये आणि १० व्होल्टची बॅटरी फ्रेमच्या त्रिकोणात, अशी तिची रचना होती. आजच्या अनेक सायकलींची मांडणी तीच आहे. पण तेव्हाच्या बॅटऱ्या जड असत आणि लवकर उतरत. थोड्याच वर्षांत पेट्रोलच्या इंजिनाने बाजी मारली.

खरे वळण १९९३ मध्ये जपानात आले. यामाहा कंपनीने त्या वर्षी ‘पास’ ही सायकल विक्रीला आणली. मोटर आली की वाहनपरवाना आणि नोंदणीही आलीच. ही सायकलच आहे हे सरकारला पटवायचे, तर मोटरने आपण होऊन सायकल ओढता कामा नये. म्हणून पेडलवर पडणारा जोर मोजणारा सेन्सर बसवला गेला. पाय जेवढा जोर लावी, फार तर तेवढाच मोटर लावी. वेग ताशी १५ किलोमीटरच्या पुढे गेला की मदत घटू लागे आणि २४ ला पूर्ण थांबे. या वाहनातला मोठा शोध मोटरपेक्षा हा सेन्सर आहे.

मात्र पेडल दाबण्यामागचा हेतू सेन्सरला कळत नाही. साध्या सायकलवर एक पाय पेडलवर ठेवून, दुसऱ्याने जमिनीला रेटा देत टांग मारायची सवय जगभर आहे. मोटरच्या सायकलवर त्याच सवयीने सायकल झटक्यात पुढे जाते आणि चालवणारा आडवा होतो. सिग्नलला थांबल्यावर पेडलवर विसावलेला पायही तेवढाच धोक्याचा. म्हणून आधी सीटवर बसावे, ब्रेक दाबून धरावा, मगच पेडलला पाय लावावा, ही ताकीद जपानी माहितीपुस्तिकांत ठळकपणे दिलेली असते.

जपानात या सायकलला मोठा आधार मिळाला तो मुलांना पाळणाघरात पोचवणाऱ्या आयांचा. डिसेंबर २००८ मध्ये नियम बदलले आणि ताशी १० किलोमीटरपर्यंत पायाच्या दुप्पट मदत देण्याची मुभा मिळाली. जुलै २००९ पासून ठरावीक दर्जाच्या सायकलवर पुढे-मागे दोन लहान मुले नेणेही कायदेशीर झाले. या सायकलींची चाके बहुधा २० इंची असतात, त्यामुळे भार खाली राहतो. स्टँड रुंद असतो, आणि काहींमध्ये तो लावताच हँडलही जखडते. मूल सीटवर ठेवून बाजूला गेले की सायकल कलंडते, या अनुभवातून आलेली ही सोय. तरीही उभ्या सायकलवर मुलाला एकटे सोडू नये.

वजन वाढले तसे देखभालीचे गणितही बदलले. साध्या सायकलपेक्षा ब्रेकचे रबर किंवा पॅड लवकर झिजतात. मोटर पेडलांपाशी असेल तर पायाचा आणि मोटरचा असा दोघांचा ताण चेनवर येतो आणि ती लवकर सैल पडते. टायरमध्ये हवा कमी असली तर तीच बॅटरी कमी अंतर जाते, आणि खड्ड्यात रिम आपटून ट्यूब फाटते. मोटर हबमध्ये असेल तर मागच्या चाकाच्या स्पोकांवर लक्ष ठेवावे लागते. एक तुटला की शेजारच्यांवर ताण येतो. धुताना जोराचा फवारा मारू नये, ओल्या फडक्याने पुसावे.

बॅटरीच्या रसायनाबरोबर धोकेही बदलत गेले. सुरुवातीच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीपेक्षा आजची लिथियम-आयन बॅटरी पुष्कळ हलकी आहे, पण आतला सेल बिघडला तर त्याची उष्णता शेजारच्या सेलांना पेटवते आणि ही आग आवरता आवरत नाही. न्यूयॉर्कमध्ये घरांना अशा आगी लागून माणसे दगावली. तेव्हा २०२३ मध्ये शहराने सुरक्षा-प्रमाणपत्र नसलेल्या सायकली आणि बॅटऱ्यांच्या विक्रीवर बंदी घातली. दुसऱ्याच बॅटरीचा चार्जर लावणे आणि जुने सेल जोडून केलेले पॅक वापरणे, ही दोन कारणे तिथे वारंवार चर्चेत आली. चार्जिंग दाराच्या वाटेवर करू नये, रात्रभर झोपेत चालू ठेवू नये. फुगलेली किंवा आपटलेली बॅटरी पुन्हा चार्जिंगला लावू नये. सायकल महिनोन्‌महिने वापरायची नसेल तर बॅटरी अर्धी भरून थंड, कोरड्या जागी ठेवावी.

भारतात केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार २५० वॅटपेक्षा कमी शक्तीची, ताशी २५ किलोमीटरच्या आत धावणारी आणि बॅटरी सोडून ६० किलोपर्यंत वजनाची सायकल मोटार वाहनात मोडत नाही. तिला नोंदणी किंवा परवाना लागत नाही. मोटरची शक्ती किंवा वेगाची मर्यादा वाढवून घेतली की ही सवलत जाते, आणि सायकलच्या मापाने बनवलेल्या ब्रेकवर व फ्रेमवर मोपेडचा भार येतो.