पाडलेल्या वस्तीची छायाचित्रे

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात ॲलेगेनी आणि मोनोंगाहीला या दोन नद्या एकत्र येऊन ओहायो नदी जन्म पावते. त्या संगमावर पिट्सबर्ग हे शहर वसले आहे. पोलादाचे शहर म्हणून त्याची ख्याती आपल्या देशातही जुनी आहे. हिंदुस्थानात पोलादाचा कारखाना काढण्याचा ध्यास घेतलेले जमशेटजी टाटा १९०२ साली अमेरिकेला गेले, तेव्हा ज्युलियन केनेडी या अभियंत्याचा सल्ला घेण्यासाठी ते याच शहरी आले होते. आणि पुढे जमशेदपूर नगराचा पहिला आराखडा आखला तोही केनेडी यांच्याच पेढीने. परंतु येथे सांगावयाची आहे ती पोलादाची कथा नव्हे. ज्या शहराने दुसऱ्याचे नगर कोऱ्या भूमीवर आखून दिले, त्याच शहराने विसाव्या शतकाच्या मध्यास आपलीच एक नांदती वस्ती भुईसपाट केली. ती वस्ती आज केवळ छायाचित्रांत उरली आहे, आणि ती छायाचित्रे कोणी काढली व कोणासाठी काढली, यावर तिच्याविषयीचे आपले मत अवलंबून राहते.

त्या काळच्या पिट्सबर्गची ओळख म्हणजे धूर. गिरण्या, आगगाड्या, आगबोटी आणि घरोघरच्या शेगड्या या सर्वांत हलक्या प्रतीचा दगडी कोळसा जळत असे. १९४० च्या सुमारास काढलेली काही छायाचित्रे पाहिली तर ती रात्रीची आहेत असेच कोणीही म्हणेल: रस्त्यावरचे दिवे लागलेले, मोटारींचे दिवे लागलेले, माणसे सावल्यांसारखी चाललेली. प्रत्यक्षात ती वेळ सकाळची असे! धूरबंदीचा कायदा नगरसभेने १९४१ मध्येच संमत केला. परंतु मध्ये महायुद्ध आले आणि त्याची अंमलबजावणी १९४६ पर्यंत लांबली. त्या वर्षी डेव्हिड लॉरेन्स हे महापौर झाले. लॉरेन्स डेमोक्रॅटिक पक्षाचे कसलेले पुढारी, तर शहराच्या धनिकांचे अग्रणी रिचर्ड मेलन हे रिपब्लिकन पक्षाचे. या दोघांनी हातमिळवणी करून शहराचा जो कायापालट आरंभला, त्याला तेथील लोक ‘रेनेसान्स’, म्हणजे पुनरुज्जीवन, असे भारदस्त नाव देऊ लागले. धूर गेला, हे निर्विवाद. एकाच चौकाची काळवंडलेली आणि उजळलेली अशी दोन छायाचित्रे शेजारी शेजारी मांडली की व्याख्यानाची गरजच उरत नसे. छायाचित्राचे हे सामर्थ्य योजनाकारांनी फार लवकर ओळखले होते.

म्हणूनच १९५० मध्ये त्यांनी रॉय स्ट्रायकर यांना पाचारण केले. मंदीच्या काळात अमेरिकन सरकारच्या शेतीविषयक खात्यातर्फे दरिद्री शेतकऱ्यांची जी विख्यात छायाचित्रे काढली गेली, त्या उपक्रमाचे हे सूत्रधार. स्ट्रायकर स्वतः क्वचितच कॅमेरा हाती घेत. काय टिपावयाचे याच्या लांबलचक सूचना लिहून ते छायाचित्रकारांना कामगिरीवर धाडीत. नापसंत पडलेल्या निगेटिव्हला यंत्राने भोक पाडून ती कायमची निकामी करण्याची त्यांची जुनी पद्धतही प्रसिद्धच आहे. त्यांच्या देखरेखीखाली पिट्सबर्गचा छायाचित्रसंग्रह उभा राहिला. एस्थर बब्ली, क्लाइड हेअर, एलियट अर्विट यांसारखी गुणी मंडळी त्यासाठी शहरभर हिंडली. पाडकाम, नवे मनोरे, शाळा, इस्पितळे, नदीकाठ, सारे काही त्यात आले. १९६० मध्ये हा ठेवा कार्नेगी ग्रंथालयाकडे सोपविण्यात आला. त्यातील चित्रे उत्तम आहेत यात संशय नाही. मात्र हा संग्रह ज्यांच्या पैशाने उभा राहिला ते कायापालटाचे पुरस्कर्ते होते, ही गोष्ट तो चाळताना दृष्टीआड करता येत नाही. जुने ते मोडके आणि नवे ते उज्ज्वल, हा सूर त्यात पुन्हा पुन्हा लागतो.

१९५५ मध्ये यूजीन स्मिथ हे नामांकित छायाचित्रकार या शहरात आले, तेही अशाच एका ग्रंथासाठी. तीन आठवड्यांत शंभर चित्रे, असा करार होता. शहराने त्यांना असे काही पछाडले की त्यांनी हजारो निगेटिव्हांचा डोंगर रचला आणि तो उपसण्यात त्यांची पुढली काही वर्षे गेली. स्मिथ यांची प्रतिभा थोर खरी. पण ती पाहुण्याची प्रतिभा होती.

शहराच्या मध्यवर्ती पेठेला लागूनच एक टेकडी चढत जाते. तिच्यावरच्या वस्तीला ‘हिल डिस्ट्रिक्ट’ म्हणतात. युरोपातून आलेले ज्यू, इटालियन, पलीकडचे सीरियन अशा नाना लोकांनी येथे प्रथम बिऱ्हाडे थाटली. पहिल्या महायुद्धापासून दक्षिणेकडील राज्यांतले कृष्णवर्णीय लोक कामाच्या शोधात मोठ्या संख्येने येऊ लागले आणि हळूहळू ही वस्ती मुख्यतः त्यांची झाली. वायली ॲव्हेन्यू हा तिचा राजरस्ता. त्यावर दुकाने, न्हाव्यांची केशकर्तनालये, चर्चे, जुगाराचे अड्डे आणि उत्तररात्रीपर्यंत गजबजणारी संगीतगृहे होती. जॅझ संगीतातील नामवंत तेथे हजेरी लावून जात. घरांची अवस्था मात्र अनेक ठिकाणी वाईट होती, हे लपविण्यात अर्थ नाही. दाटी अतोनात, लाकूड कुजलेले, कित्येक घरांत धड नळ नाही की शौचकूप नाही. जॉर्ज इव्हान्स नावाच्या नगरसभा-सदस्याने १९४३ मध्ये एका लेखात असा अभिप्राय दिला की, येथील दहांपैकी नऊ इमारतींचे उपयुक्त आयुष्य संपलेले असून त्या पाडल्या तरी समाजाची काही हानी होणार नाही. इमारतींचा हिशेब कदाचित बरोबर असेल. समाजाचा हिशेब त्यांनी कोणाला विचारून केला, हे मात्र लेखावरून कळत नाही. आणखी एक गोष्ट न्यायबुद्धीने नोंदविली पाहिजे. पुनर्विकासाला वाट करून देणाऱ्या राज्याच्या कायद्यासाठी झटणाऱ्यांत होमर ब्राउन हे कृष्णवर्णीय प्रतिनिधीही होते, आणि कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रानेही आरंभी या योजनेचे स्वागतच केले. चांगली घरे कोणाला नको असतात?

हे वृत्तपत्र म्हणजे ‘पिट्सबर्ग कूरियर’. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या पत्रांमध्ये त्याचे स्थान फार वरचे. दक्षिणेत जेथे ते उघडपणे विकणे धोक्याचे होते, तेथे आगगाडीवरील कृष्णवर्णीय सेवक त्याचे गठ्ठे गुपचूप पोचवीत. १९४२ मध्ये या पत्राने दुहेरी विजयाची चळवळ काढली: परदेशात हुकूमशाहीवर विजय आणि स्वदेशात वर्णद्वेषावर विजय. त्या युद्धकाळात कुमार घोषाल हे भारतीय लेखक याच पत्रातून हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याची बाजू अमेरिकन वाचकांपुढे मांडीत असत. याच पत्राचे छायाचित्रकार होते चार्ल्स हॅरिस. सारे गाव त्यांना टीनी हॅरिस म्हणे.

हॅरिस यांचा जन्म १९०८ चा, आणि तो याच शहरातला. छायाचित्रण ते स्वतःच शिकले. १९३० नंतरच्या दशकात त्यांचे कूरियरशी नाते जडले आणि १९७५ पर्यंत ते टिकले. शिवाय टेकडीवर त्यांचा स्वतःचा स्टुडिओही होता. त्यांचा कॅमेरा ‘स्पीड ग्राफिक’ जातीचा, वजनाने भक्कम. त्यात फिल्मचा एकेक सुटा तुकडा घालावा लागे. एक चित्र टिपले की फिल्मची चौकट उलटावयाची, तिची झाकणपट्टी ओढावयाची, कळ पुन्हा ताणावयाची आणि जळालेला दिवा काढून नवा बसवावयाचा. दुसरे वृत्तपत्र-छायाचित्रकार पाहुण्यांना पुन्हा पुन्हा उभे करीत. हॅरिस एकदाच कळ दाबीत आणि चालू लागत. यावरून महापौर लॉरेन्स यांनीच त्यांना ‘वन शॉट’ असे टोपणनाव दिले. एका कळीत काम भागविणाऱ्या या माणसाने आयुष्यभरात सुमारे ८०,००० निगेटिव्ह मागे ठेवल्या!

या चित्रांत लीना हॉर्न आहे, ड्यूक एलिंग्टन आहे, जॅकी रॉबिन्सन आहे, केनेडी आणि मार्टिन ल्यूथर किंग आहेत. परंतु संग्रहाचे खरे मोल या मोठ्या माणसांत नाही. लग्नाची वरात, चर्चच्या पायऱ्यांवर नटूनथटून उभी राहिलेली बाळगोपाळ मंडळी, बेसबॉलचा संघ, दुकानाच्या फळीमागे हाताची घडी घालून उभा असलेला मालक, गिरणीचा कामगार, आग लागलेले घर, मोर्चा, वाढदिवस: गावात जे जे घडले तेथे हॅरिस होते. स्ट्रायकर यांनी धाडलेल्या छायाचित्रकारांपैकी रिचर्ड सॉन्डर्स या कृष्णवर्णीय तरुणाने १९५१ मध्ये टेकडीवर फिरून मोठ्या आस्थेने चित्रे घेतली, हे खरे. तरीही फरक उरतोच. सर्वेक्षणाच्या चित्रात घराची पडकी मागची बाजू दिसते आणि माणूस असलाच तर तो दारिद्र्याचा पुरावा म्हणून असतो. हॅरिस यांच्या चित्रांतली माणसे छायाचित्रकाराला ओळखतात. इस्त्रीचा सदरा, नीट बसविलेली टोपी, सरळ नजर. ‘आमचे चित्र उद्या पत्रात येणार आहे’ हे त्या नजरेतून स्पष्ट वाचता येते. भिंतीचा पोपडा तेथेही दिसतो. पण चित्र पोपड्याचे नसते.

१९५६ च्या मे महिन्याच्या अखेरीस टेकडीच्या खालच्या भागात पाडकामाला आरंभ झाला. ९५ एकर जमीन मोकळी करण्यात आली. सुमारे १,३०० इमारती गेल्या, ४०० हून अधिक दुकाने व धंदे उठले आणि ८,००० लोक बेघर झाले. त्यांतील बहुतेक कृष्णवर्णीय होते. १९५७ च्या जुलैमध्ये बेथेल चर्चवर घाव पडला. बेथेलची मंडळी १८०८ पासूनची, म्हणजे शहरातील कृष्णवर्णीयांच्या अगदी जुन्या संस्थांपैकी एक. भव्य इमारत १९०६ ची, विटांची, मनोऱ्यांची. जवळच असलेले कॅथलिकांचे एपिफनी चर्च मात्र शाबूत राहिले. बेथेल पडत असताना हॅरिस तेथे होते. ज्या वास्तूत त्यांनी वर्षानुवर्षे लग्ने आणि मेळावे टिपले होते, तिचीच फुटलेली कूस त्यांना टिपावी लागली.

मोकळ्या झालेल्या जागी १९६१ मध्ये ‘सिव्हिक अरीना’ हे प्रेक्षागार उघडले. त्याचा पोलादी घुमट ४१५ फूट व्यासाचा आणि उघडझाप करणारा, अभियांत्रिकीचे नवलच ते. सभोवती कलामंदिरांचे संकुल व्हावयाचे होते. ते झालेच नाही. उरलेल्या जागेवर कित्येक दशके मोटारी उभ्या राहिल्या. वायली ॲव्हेन्यूचा शहराच्या पेठेशी असलेला सांधा तुटला. पुढे पाडकाम टेकडीवर आणखी वर सरकणार, अशी चिन्हे दिसू लागली तेव्हा क्रॉफर्ड मार्गाच्या कोपऱ्यावर रहिवाशांनी एक मोठा फलक उभारला: या ठिकाणाच्या पुढे पुनर्विकास नाही. त्या फलकाचे छायाचित्रही हॅरिस यांच्या संग्रहात आहे. तो नवलाचा घुमट २०११ आणि २०१२ या वर्षांत पाडण्यात आला. म्हणजे पन्नास वर्षे टिकला. ज्या चर्चला त्याने जागा सोडावयास लावली, ते त्याच्यापेक्षा थोडेसेच जास्त जगले असले तरी त्याची मंडळी अजून नांदते आहे, आणि जुन्या जागेजवळची दीड एकर जमीन तिला परत देण्याचा करार २०२३ मध्ये झाला.

हॅरिस यांच्या निगेटिव्ह १९८० नंतरच्या दशकात एका व्यापाऱ्याच्या हाती गेल्या होत्या. वार्धक्यात त्यांना त्यासाठी न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले. संग्रह परत मिळाला तो कुटुंबीयांना, आणि २००१ मध्ये कार्नेगी कलासंग्रहालयाने तो विकत घेतला. आता अडचण निराळीच उभी राहिली. बहुतेक निगेटिव्हांवर नाव नाही, तारीख नाही. रोजच्या ओळखीच्या माणसाचे नाव कोण लिहून ठेवतो? तेव्हा संग्रहालयाने टेकडीवरच्या वृद्धांना बोलावणे धाडले. चित्रे मेजावर मांडली गेली आणि लोक एकेक ओळखू लागले: ही अमक्यांची थोरली, हे तमक्यांचे दुकान, ही मोटार त्याने त्या वर्षी घेतली होती. टोपीच्या ढबीवरून साल काढावे, रस्त्यावरच्या पाटीवरून कोपरा काढावा, असे हे काम. पुढे हा संग्रह ज्यांनी सांभाळला त्यांच्यातही लहानपणी हॅरिस यांच्या कॅमेऱ्यासमोर उभी राहिलेली एक स्त्री होती. हजारो चित्रांवर अशी नावे चढली. ज्या घरांसमोर ही माणसे उभी आहेत, त्यांपैकी खालच्या टेकडीवरचे एकही घर उरलेले नाही. आणि उरलेल्या अनामिक चेहऱ्यांना ओळखू शकतील अशी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.