संत बार्थोलोम्यू : कल्याण बंदर आणि एक प्राचीन परंपरा

येशू ख्रिस्ताच्या बारा प्रेषितांपैकी एक. मराठी बायबलात 'बर्थलमय' या नावाने उल्लेख. हे नाव अरमाईक असून त्याचा अर्थ 'तोलमयचा पुत्र' असा होतो. योहानाच्या शुभवर्तमानातील काना गावचा नथनेल तो हाच, असे अनेक अभ्यासक मानतात. मात्र प्रेषितांच्या यादीतील नावापलीकडे बायबलात त्याच्याविषयी माहिती आढळत नाही. पुढचे चरित्र परंपरेने घडविले आहे.

चौथ्या शतकातील इतिहासकार युसेबियस लिहितो, की अलेक्झांड्रियाचा विद्वान पँटेनस दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात 'इंडिया'त गेला, तेव्हा तेथील ख्रिस्ती लोकांजवळ हिब्रू लिपीतील मत्तयचे शुभवर्तमान होते आणि ते बार्थोलोम्यूने दिले होते. हा 'इंडिया' म्हणजे कोकण किनारा व त्यावरील कल्याण बंदर, असे मत फादर ए. सी. पेरुमालिल आणि इतिहासकार जॉर्ज मोराइस यांनी मांडले. त्या काळी ग्रीक व रोमन लेखक दक्षिण अरबस्तान आणि इथिओपियालाही 'इंडिया' म्हणत असल्याने अनेक संशोधकांना हे मत मान्य नाही.

तरीही कल्याणचा संबंध निव्वळ काल्पनिक ठरत नाही. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याण बंदराचा उल्लेख आहे. त्याच ग्रंथात पैठण आणि तगर या बाजारपेठांतून भडोचला गाड्यांनी माल जात असल्याचे सांगितले आहे. तगर म्हणजे लातूरच्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर. मराठवाड्याचे कापड रोमन व्यापाऱ्यांच्या हाती पडत होते, तेव्हा त्याच जलमार्गाने एखादा धर्मोपदेशक येणे अशक्य नव्हते. सहाव्या शतकात कॉस्मस या प्रवाशाने कल्याणला इराणमधून नेमलेला बिशप असल्याची नोंद केली आहे. अर्थात, यावरून तेथे पुढे ख्रिस्ती वस्ती होती एवढेच सिद्ध होते. प्रेषिताचे आगमन नव्हे.

आख्यायिकेनुसार बार्थोलोम्यूने पॉलिमियस राजाच्या कन्येला भूतबाधेतून मुक्त केले. राजाने नवा धर्म स्वीकारल्याने संतापलेल्या त्याच्या भावाने, अस्टायजीसने, बार्थोलोम्यूची जिवंतपणी कातडी सोलविली. हुतात्म्याचे स्थान आर्मेनियात सांगितले जाते. आर्मेनियन चर्च थद्दय आणि बार्थोलोम्यू यांना आपले संस्थापक मानते. सिस्टीन चॅपेलमधील 'अंतिम न्याय' या मायकेलँजेलोच्या चित्रात (1541) तो स्वतःची कातडी हाती घेऊन बसला आहे. त्याचे अवशेष लिपारी बेटावरून नवव्या शतकात बेनेव्हेंतो येथे आणि पुढे रोमला नेल्याची परंपरा आहे.

या मृत्यूमुळेच चर्मकार, कातडी कमावणारे, खाटीक आणि पुस्तकबांधणी करणारे त्याला आपला रक्षक संत मानतात. आपल्याकडे तेरचे गोरोबाकाका कुंभारांना आणि सावता महाराज माळ्यांना आपले वाटतात. मात्र तेथे संताचा स्वतःचाच व्यवसाय नाते जोडतो. बार्थोलोम्यूच्या बाबतीत हे नाते त्याच्या यातनांनी जोडले. पाश्चात्त्य चर्चमध्ये 24 ऑगस्ट हा त्याचा सणाचा दिवस असतो.