शीतप्रिय सूक्ष्मजीव आणि जलशुद्धी

सांडपाणी प्रकल्पात शुद्धीकरणाचे मुख्य काम जीवाणूच करतात. पाण्यातील सेंद्रिय द्रव्यांचे ते विघटन करतात. मात्र पाण्याचे तापमान १० अंश सेल्सिअसच्या खाली उतरले की नेहमीच्या जीवाणूंचा वेग मंदावतो. अमोनियाचे नायट्रेट करणाऱ्या जीवाणूंना तर थंडी विशेष बाधते. पाणी तापविणे खर्चिक असल्याने थंडीतच वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांकडे संशोधकांचे लक्ष वळले.

व्याख्या : रिचर्ड मोरिटा यांनी १९७५ मध्ये केलेल्या वर्गीकरणानुसार १५ अंश किंवा त्याहून कमी तापमानात उत्तम वाढणारे आणि २० अंशांपलीकडे न वाढणारे जीव म्हणजे शीतप्रिय. थंडी सोसणारे, परंतु उबेत अधिक जोमाने वाढणारे, ते शीतसहिष्णू. ऋतूनुसार तापमान बदलणाऱ्या पाण्यात दुसरा गट अधिक उपयोगी पडतो.

कार्यपद्धती : या जीवांची विकरे लवचीक असल्याने कमी उष्णतेतही रासायनिक क्रिया घडवितात. पेशीपटलातील असंतृप्त मेदाम्लांमुळे पटल गोठून ताठर होत नाही.

उपयोग : अंटार्क्टिकाच्या समुद्रात सापडलेला ‘ओलेइस्पिरा अंटार्क्टिका’ हा जीवाणू खनिज तेलातील हायड्रोकार्बनांवर जगतो. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात तेलगळती झाली, तेव्हा खोल समुद्रात सुमारे ५ अंश तापमानातही तेलभक्षक जीवाणू वाढल्याचे आढळले. १९८९ च्या अलास्कातील तेलगळतीनंतर किनाऱ्यावर नत्र व स्फुरदयुक्त खते टाकून स्थानिक जीवाणूंना बळ देण्यात आले होते.

गोव्याचा संबंध : भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली गोव्यातूनच निघाली. वास्कोतील हेडलँड सडा येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आज अंटार्क्टिकातील ‘मैत्री’ व ‘भारती’, आर्क्टिकमधील ‘हिमाद्री’ आणि स्पीतीतील ‘हिमांश’ या स्थानकांची धुरा वाहते. ध्रुवीय सूक्ष्मजीव हाही केंद्राच्या अभ्यासाचा विषय आहे.

निर्बंध : अंटार्क्टिकात बाहेरचे जीव नेण्यास १९९१ चा माद्रिद शिष्टाचार आणि भारतीय अंटार्क्टिक अधिनियम, २०२२ यांनी कडक मर्यादा घातल्या आहेत. त्यामुळे तेथे सांडलेल्या इंधनाच्या निर्मूलनासाठी तेथीलच जीवाणूंवर भिस्त ठेवावी लागते.

मर्यादा : शीतप्रिय जीवही थंडीत सावकाशच काम करतात आणि नत्र-स्फुरद कमी पडल्यास त्यांची वाढ खुंटते. शिसे, पारा यांसारख्या धातूंचे विघटन कोणताही जीव करू शकत नाही. फार तर ते शोषून घेता येतात किंवा त्यांचे रूप पालटता येते. गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाळ्याच्या तोंडावर येणाऱ्या डांबरगोळ्यांवरही हा उतारा नव्हे. येथील उबदार समुद्रात शीतप्रिय जीव वाढू शकत नाहीत. त्या तेलासाठी येथल्याच पाण्यातील तेलभक्षक जीवाणूंचा आधार घ्यावा लागेल.