पार्श्वभूमी धूसर, निवड मात्र डोळस

मीरा-भाईंदर, प्रतिनिधी

चेहरा लख्ख आणि त्यामागची गर्दी, दिवे, झाडे विरघळून गेलेली, असे छायाचित्र आपल्यालाही काढता यावे ही हौशी छायाचित्रकारांची जुनी आस. त्यासाठी लागणारी मोठ्या छिद्राची नवी लेन्स मात्र अनेकदा कॅमेऱ्यापेक्षाही महाग पडते. म्हणूनच फिल्मच्या जमान्यातील, हाताने फोकस करावयाच्या जुन्या लेन्सना पुन्हा मागणी आली आहे. काही घरांत तर अशी लेन्स आधीपासूनच असते. वडिलांच्या किंवा आजोबांच्या कॅमेऱ्याला लावलेली, कपाटातल्या चामडी पेटीत वर्षानुवर्षे पडून राहिलेली. उत्तरेला वसईची खाडी आणि पश्चिमेला अरबी समुद्र असलेल्या मीरा-भाईंदरसारख्या दमट शहरात अशी लेन्स निवडताना तिच्यावर कोरलेल्या नावाआधी तिच्या काचेची प्रकृती पाहणे आवश्यक ठरते.

धूसरता किती?

जपानी भाषेत धूसरपणाला ‘बोके’ म्हणतात. १९९७ मध्ये ‘फोटो टेक्निक्स’ या अमेरिकी नियतकालिकाने या विषयावर लेख प्रसिद्ध केले आणि त्यानंतर हा शब्द जगभरच्या छायाचित्रकारांत रूढ झाला. यात दोन प्रश्न दडलेले आहेत. पार्श्वभूमी किती धूसर होते हा एक आणि ती धूसरता डोळ्यांना कशी वाटते हा दुसरा.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर साध्या भागाकाराने मिळते. लेन्सच्या नाभीय अंतराला तिच्या एफ-आकड्याने भागले की छिद्राचा व्यास कळतो. चौकटीत चेहरा तेवढाच मोठा ठेवला, तर दूरची पार्श्वभूमी या व्यासाच्या प्रमाणात धूसर होते. कॅमेऱ्यासोबत येणारी साधी झूम लेन्स ५५ मिलिमीटरवर एफ ५.६ पर्यंतच उघडते. तिचा व्यास जेमतेम १० मिमी. ५८ मिमी एफ २ लेन्सचा व्यास २९ मिमी, ५० मिमी एफ १.४ चा सुमारे ३६ मिमी, तर १३५ मिमी एफ २.८ चा तब्बल ४८ मिमी भरतो. म्हणजे नावाजलेल्या ‘एफ १.४’च्या मागे धावणाऱ्याला बाजारात दुर्लक्षित पडलेली १३५ मिमीची लेन्स दूरची पार्श्वभूमी अधिक पुसून देते. मात्र तिच्यासाठी मागे सरकायला जागा हवी. दहा बाय बाराच्या खोलीत ती अडचणीची ठरते.

लेन्सइतकेच महत्त्व अंतराला आहे. व्यक्तीला भिंतीला टेकवून उभे केले तर कोणतीही लेन्स भिंत पुसू शकत नाही. छायाचित्रकार व्यक्तीच्या जवळ आणि पार्श्वभूमी व्यक्तीपासून दूर, हे सूत्र कोणत्याही लेन्सला लागू पडते. भाईंदर पूर्वेच्या जेसल पार्क खाडीकिनारी व्यक्तीला काठावर उभे केले की मागे थेट पलीकडच्या तीरापर्यंत मोकळी जागा मिळते. तेथे साधी लेन्सही चांगला परिणाम देते.

आणि कशी?

दुसरा प्रश्न रुचीचा असला तरी त्यामागे प्रकाशशास्त्र आहे. लेन्सच्या मध्यातून आणि कडेतून येणारे किरण एकाच बिंदूत मिळत नाहीत. या दोषाला गोलीय विपथन म्हणतात. ते किंचित शिल्लक ठेवले असेल तर मागचे दिवे मऊ कडांच्या चकत्यांसारखे दिसतात आणि पार्श्वभूमी लोण्यासारखी पसरते. ते प्रमाणाबाहेर दुरुस्त केले असेल तर प्रत्येक चकतीला उजळ कड येते. मागच्या काड्या-फांद्या दुहेरी रेघांसारख्या दिसू लागतात आणि लक्ष चेहऱ्यावरून उडते.

उत्तनच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घालण्याच्या बांबूच्या वलांडी ही या दोषाची कठोर परीक्षा आहे. आडव्या-उभ्या रेषांची अशी दाटी सहसा अन्यत्र आढळत नाही. तेथे मागची रेष एकच मऊ पट्टा होऊन विरली तर लेन्स चांगली. तिचे दोन धागे दिसले तर तिला मोकळी पार्श्वभूमीच मानवेल, असे समजावे. तिवरांच्या पानांतून झिरपणाऱ्या उन्हाचे ठिपकेही हेच काम करतात.

जुन्या लेन्सच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे. अनेक आधुनिक लेन्समध्ये साच्यात घडवलेली अगोल भिंगे असतात आणि त्यांमुळे प्रकाशाच्या चकत्यांत कधी कधी कांद्याच्या कापासारखी वलये उमटतात. बहुतेक जुन्या लेन्समधील भिंगे गोलीय असल्याने हा प्रकार त्यांत दिसत नाही.

छिद्राच्या पात्यांच्या संख्येची चर्चा मात्र काहीशी अवाजवी असते. छिद्र पूर्ण उघडे असताना पाती बाजूला सरलेली असतात, त्यामुळे चकती गोलच येते. छिद्र लहान केल्यावर सहा पात्यांच्या लेन्समध्ये षट्कोन दिसतो. पंधरा पात्यांच्या लेन्समध्ये गोलाई टिकते.

नावाजलेल्या काही लेन्स

सर्वाधिक चर्चा होते ती सोव्हिएत बनावटीच्या ‘हेलिओस ४४-२’ची. ५८ मिमी एफ २ क्षमतेच्या या लेन्सची रचना जर्मनीच्या झाइस कंपनीच्या ‘बायोटार’वर बेतलेली असून ती झेनिट कॅमेऱ्यांसोबत येत असे. तिच्या चौकटीच्या कडेला प्रकाशाच्या चकत्या लिंबाच्या आकाराच्या होतात आणि मागची पाने चेहऱ्याभोवती भोवऱ्यासारखी फिरल्याचा भास होतो. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात चौकटीच्या कडाच कापल्या जात असल्याने हा भोवरा फिका पडतो, हे खरेदीपूर्वी जाणून घ्यावे.

व्यक्तिचित्रणासाठी ‘ज्युपिटर-९’ ही ८५ मिमी एफ २ लेन्स अधिक सौम्य. तिला पंधरा पाती आहेत. पूर्व जर्मनीची ‘पेंटाकॉन १३५ मिमी एफ २.८’ हीदेखील पंधरा पात्यांच्या जुन्या आवृत्तीसाठी ओळखली जाते. नंतरच्या आवृत्तीत सहाच पाती आहेत. म्हणून नाव वाचून न थांबता पाती मोजावीत. मायर कंपनीची ‘ट्रायोप्लान १०० मिमी एफ २.८’ अवघ्या तीन भिंगांची. तिच्या उजळ कडांच्या चकत्या साबणाच्या फुग्यांसारख्या दिसतात. शास्त्राच्या दृष्टीने हा दोषच. पण त्याच दोषाने तिला प्रसिद्धी आणि चढी किंमत मिळवून दिली.

निकॉनची १०५ मिमी एफ २.५ लेन्स वेगळ्या कारणाने प्रसिद्ध आहे. स्टीव्ह मॅककरी यांनी १९८४ मध्ये टिपलेले हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचे छायाचित्र याच लेन्सचे. पेंटॅक्सच्या ‘सुपर टाकुमार ५० मिमी एफ १.४’च्या अनेक प्रतींत थोरियमयुक्त काच असून ती कालांतराने पिवळी पडते. अतिनील प्रकाशात काही दिवस ठेवल्यास हा पिवळेपणा उतरतो. मात्र लेन्स थेट उन्हात उघडी ठेवून निघून जाऊ नये. ती किरण एकवटते आणि आग लागू शकते.

कॅमेऱ्याशी जमते का?

लेन्स कितीही चांगली असली तरी ती कॅमेऱ्यावर बसली पाहिजे. प्रत्येक कॅमेऱ्यात लेन्सच्या बैठकीपासून सेन्सरपर्यंतचे अंतर ठरलेले असते. झेनिट, पेंटाकॉन आणि जुन्या पेंटॅक्सच्या ४२ मिमी आट्यांच्या, म्हणजे ‘एम ४२’ लेन्ससाठी ते ४५.४६ मिमी आहे. कॅननच्या डीएसएलआरमध्ये ते ४४ मिमी असल्याने पातळ कडी लावून काम भागते. निकॉनच्या डीएसएलआरमध्ये ते ४६.५ मिमी, म्हणजे सुमारे एक मिलिमीटर जास्त. साध्या कडीने जवळचा चेहरा स्पष्ट टिपता येतो, पण दूरचे दृश्य कधीच स्पष्ट होत नाही. काच बसवलेली कडी ही अडचण दूर करते. मात्र प्रतिमेचा दर्जा घटवते. निकॉनधारकांनी म्हणूनच निकॉनच्याच जुन्या लेन्स पाहाव्यात. त्यातही १९७७ पूर्वीच्या, बदल न केलेल्या लेन्स काही कॅमेऱ्यांच्या बैठकीला इजा करू शकतात.

मिररलेस कॅमेऱ्यांनी हा प्रश्न जवळपास मिटवला आहे. त्यांच्यात हे अंतर १६ ते २० मिमीच्या आसपास असल्याने योग्य कडी मिळाल्यास फिल्म-एसएलआरची जवळपास कोणतीही लेन्स बसते. पडद्यावर प्रतिमा मोठी करून डोळ्याच्या पापणीवर फोकस साधता येतो. डीएसएलआरच्या खिडकीतून एफ १.४ वर असा अचूक फोकस साधणे कठीण जाते.

खरेदीपूर्वी तपासणी

जुन्या कॅमेऱ्यांसाठी मीरा-भाईंदरकरांना आजही लोकल पकडून मुंबई गाठणे सोयीचे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळील फोर्ट भागात कॅमेऱ्यांची जुनी बाजारपेठ आहे, तर ग्रँट रोड स्थानकावरून चोर बाजार गाठता येतो. सोबत छोटी विजेरी आणि आपला कॅमेरा न्यावा.

छिद्र पूर्ण उघडून, एका बाजूने विजेरी लावून दुसऱ्या बाजूने तिरके पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. सर्वत्र पसरलेला धुरकटपणा दिसला तर प्रकाशासमोर काढलेली छायाचित्रे फिकी येणार. काचेच्या कडेला इंद्रधनुषी डाग असेल तर जोडलेली भिंगे सुटू लागली आहेत. धुळीच्या चार कणांनी मात्र काही बिघडत नाही. पुढच्या काचेवरील बारीक ओरखडाही सहसा उमटत नाही. मागच्या काचेवरील ओरखडा अधिक घातक. फोकसची कडी सर्व फेऱ्यांत सारख्या जोराने फिरावी आणि पात्यांवर तेल नसावे.

बुरशीबाबत दयामाया नको. वरवरची बुरशी कुशल कारागीर काढू शकतो. पण ती काचेवरील लेप खात असल्याने उशीर झाल्यास डाग कायमचा राहतो. नामांकित पण बुरशी लागलेल्या लेन्सपेक्षा अनोळखी नावाची स्वच्छ लेन्स केव्हाही बरी.

पावसाळ्यातील निगा

स्वच्छ लेन्स घरी आणल्यानंतर खरी कसोटी जूनमध्ये सुरू होते. पावसाळ्यात किनारपट्टीवर सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर सहज जाते, तर साठ टक्क्यांच्या पुढेच बुरशीला अनुकूल वातावरण मिळू लागते. चामडी पेटी ओल धरून ठेवते. ज्या पेटीत जुन्या पिढीने लेन्स जपून ठेवली, तीच बहुधा तिच्या नाशाचे कारण ठरते.

त्याऐवजी स्वयंपाकघरातील घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारे छोटे यंत्र एवढे पुरते. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखावी. सिलिका जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरता येते. डांबराच्या गोळ्यांचा उपयोग नाही. उत्तनच्या खाऱ्या वाऱ्यातून परतल्यावर लेन्सचे बाहेरील अंग मऊ कापडाने पुसून, ओल सुकल्यावरच ती डब्यात ठेवावी. सर्वांत सोपा उपाय म्हणजे लेन्स नियमित वापरणे. उजेड आणि खेळती हवा बुरशीला मानवत नाही.

नवी खरेदी करण्यापूर्वी घरातील कपाट एकदा उघडून पाहावे. तिथल्या जुन्या कॅमेऱ्याची लेन्स सुटी होत असेल आणि विजेरीच्या उजेडात ती स्वच्छ दिसत असेल, तर खर्च केवळ एका कडीचा. तंतू दिसलेच, तर ती पुढच्या पावसाळ्यापर्यंत तशीच न ठेवता लगेच कारागिराकडे न्यावी.